पेटीची आगोट

मधमाश्या पाळायला शिकवणारं परदेशी पुस्तक उघडा किंवा मोबाइलवर तसला एखादा व्हिडिओ लावा, हिवाळ्याच्या तयारीचं प्रकरण चुकणार नाही. ऑगस्ट सरता सरता तयारीला लागा, पेटीत वीस किलो तरी मध राहू द्या, दार अरुंद करा, उंदीर शिरू नये म्हणून जाळी बसवा, वरून ऊब राहील असं काही घाला. इंग्लंड-कॅनडातल्या माणसासाठी सल्ला अगदी बरोबर आहे. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वरोरच्या माणसाने तो पाळला तर फुलोऱ्याच्या तोंडावर तो माश्यांना कोंडून ठेवील, आणि ज्या चार महिन्यांत त्यांची खरोखर उपासमार होते त्या महिन्यांत पेटीकडे ढुंकूनही पाहणार नाही.

आपल्या किनाऱ्यावर थंडी ती काय? जानेवारीतल्या पहाटे कानटोपी लागते, शेकोटी पेटते, आणि दहा वाजता सदरा अंगाला चिकटतो. आंबा मोहोरतो तो याच सुमाराला. तुरीला फूल असतं, शेवगा असतो, मागून काजू येतो, मग जांभूळ, मग करंज. माशीच्या लेखी इथला हिवाळा म्हणजे हंगामाची सुरुवात. तिची कसोटी मृगाच्या सरींनी सुरू होते. वर्षाचा दोन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस डहाणूच्या पट्ट्यात जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडतो. झड लागली की माशी दारातून बाहेर पडत नाही. पडली तरी फुलातला मकरंद धुऊन गेलेला असतो आणि पराग भिजलेला. पेटीतली पिल्लं मात्र रोज खायला मागतात.

वरोर, वाढवण, चिंचणी या गावांना पावसाळ्याच्या बेगमीबद्दल कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकलेल्या. त्याआधीच बोंबील वलांडीवर सुकून डब्यात गेलेले असतात, मसाला कुटून झालेला असतो, लाकूडफाटा पडवीत रचलेला असतो. पेटीचीही अशीच आगोट भरावी लागते, एवढंच या पुस्तिकेचं म्हणणं आहे. फरक इतकाच, की घरची आगोट माणूस भरतो. पेटीची आगोट माशीने स्वतः भरलेली असते, आणि ऐन मे महिन्यात येऊन ती काढून नेणारा माणूस असतो.

आधी थंड देशांतला प्रकार थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे आपला वेगळा का ते कळेल. युरोपातली मेलिफेरा माशी हिवाळ्यात झोपत नाही. राणीला मध्ये घेऊन साऱ्या कामकरी माश्या दाटीने गोळा होऊन बसतात, पंखांचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात आणि त्यासाठी साठवलेला मध खर्ची घालतात. बाहेर बर्फ असला तरी या गोळ्याच्या आत वीस अंशांच्या वर, आणि पिल्लं असली तर चौतीस-पस्तीस अंशांपर्यंत तापमान राहतं. उन्हाळ्यातली कामकरी माशी पाच-सहा आठवड्यांत मरते. शरदात जन्मलेली मात्र अंगात चरबी धरून वसंतापर्यंत तग धरते. तिकडच्या मधपाळाची सारी धडपड या गोळ्याला पुरेसा मध आणि कोरडी हवा मिळावी यासाठी चाललेली असते. थंडीपेक्षा पेटीतली ओल जास्त माश्या मारते, असं तिकडचे जुने लोक सांगतात. परदेशी प्रकरणातली ही एक गोष्ट वरोरला जशीच्या तशी लागू आहे. बाकीचं प्रकरण सोडून दिलं तरी चालेल.

आपल्याकडे पावसाळ्याला प्रत्येक माशीने आपापलं उत्तर शोधलं आहे. आग्या माशी उंच फांदीला किंवा पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर एकच मोठं पोळं लावते आणि पावसाच्या तोंडावर ते सोडून निघून जाते. पाड्यांवरच्या मध काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून मोहोळ उतरवायचं ते पाऊस लागायच्या आत. झुडपात हाताएवढं पोळं बांधणारी फुलोरीही अशीच जागा बदलत असते. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, वारुळात, भिंतीच्या भोकात, अंधारात राहते आणि शेजारी शेजारी अनेक पोळी बांधते. म्हणूनच ती पेटीत राहायला तयार होते. काश्मीर-हिमाचलात घराच्या भिंतीत पोकळी ठेवून हीच माशी पाळायची जुनी रीत आहे. सातेरी पावसाळाभर थांबते, पण अटीवर. घरात खायला असेल, घर कोरडं असेल आणि शत्रू शिरलेला नसेल तर थांबते. यातलं एक बिघडलं की राणी अंडी घालणं कमी करते, असलेली पिल्लं बाहेर पडू देतात, उरलासुरला मध पोटात भरून घेतात, आणि श्रावणातल्या एखाद्या उघडिपीला सगळी वसाहत राणीसकट उडून जाते. मागे राहतात ती पोळी. मालक समजतो की माश्या मेल्या. त्या मेलेल्या नसतात, घर सोडून गेलेल्या असतात. उपासमार सोसण्यापेक्षा निघून जाणं हा सातेरीचा स्वभाव आहे, आणि नव्या मधपाळाच्या पहिल्या पावसाळ्यात जे काही हातचं जातं ते बहुतेक या स्वभावापायी.

म्हणून सातेरीची ओळख करून घेणं आधी. मेलिफेरा झाडांचा चीक गोळा करून पेटीच्या फटी लिंपून टाकते. सातेरी तसला चीक आणतच नाही. म्हणजे तुमच्या पेटीला भेग असेल तर ती पावसाळाभर तशीच राहणार. त्या भेगेतून पाणी येणार, मुंगी येणार, मेणकिड्याचा पतंग आत शिरून अंडी घालणार. भेग बुजवणं हे माणसाचं काम, आणि ते मे महिन्यात करायचं काम. दुसरं, सातेरी जुनं, काळं पडलेलं पोळं कुरतडते. त्याचा भुसा तळफळीवर पडतो आणि त्या भुशात मेणकिड्याची अळी वाढते. तळफळी आठवड्याला एकदा झाडणं या कामाला फारसा मान नाही, पण पावसाळ्यात पेटी वाचते ती त्यानेच. तिसरं पाहण्यासारखं आहे. दारात पंख हलवून हवा खेळवणारी मेलिफेरा डोकं दाराकडे करून उभी राहते आणि आतली हवा बाहेर ओढते. सातेरी नेमकी उलटी, तोंड बाहेर करून उभी राहते आणि बाहेरची हवा आत ढकलते. आपल्या दमट किनाऱ्यावर बाहेरची हवाच ओली असते. तेव्हा पेटी कुठे ठेवायची हा प्रश्न जागेच्या सोयीने सोडवू नये. चिकूच्या दाट वाडीत उन्हाळ्यात छान सावली मिळते, पण आषाढात त्याच झाडाखाली दिवसभर पाणी ठिबकत राहतं आणि ऊन जमिनीला लागत नाही. मे अखेरीस पेटी वाडीच्या कडेला आणावी, जिथे सकाळची दोन तास तरी उघडीप मिळेल. मात्र अंतर फार असेल तर एकदम हलवू नका, रोज दोन-तीन फूट सरकवा, नाहीतर बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागी परत येऊन घुटमळत राहतील.

परदेशी पुस्तकाची बरीच पानं व्हरोआ नावाच्या किडीवर खर्च झालेली असतात. त्याची धास्ती सातेरीवाल्याने घ्यायची गरज नाही. ही कीड मुळात याच माशीवर जगत आलेली. सातेरी एकमेकींच्या अंगावरून ती वेचून काढते, आणि कीड वाढते ती मुख्यतः नरांच्या घरांत, त्यामुळे वसाहत मोडत नाही. मेलिफेरावर ती गेली तेव्हा अनर्थ झाला. सातेरीला भीती आहे ती विषाणूची. थाई सॅकब्रूड या रोगाने १९९१-९२ च्या सुमाराला दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहतींचा फार मोठा संहार केला. रोगी अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन घरातच मरते. यावर औषध नाही. रोगट पेटीतली चौकट दुसरीत घालायची नाही, एवढं पथ्य पाळता येतं.

आता मे महिन्याकडे येतो, कारण सगळं तिथेच ठरतं. पेटीचं झाकण काढा, वरच्या मजल्यातल्या चौकटी पाहा. जांभूळ-करंजाचा मध मेणाने बंद झालेला दिसेल. सातेरीची पेटी चांगल्या वर्षी पाच-सात किलो मध देते, तेव्हा हा शेवटचा किलो-दोन किलो सोडवत नाही. मुंबईचं गिऱ्हाईक मे महिन्याच्या सुट्टीत बोर्डी-डहाणूला येतं आणि गावच्या मधाला मागेल तो भाव देतं. सगळा मोह समजण्यासारखा आहे. पण खालच्या मजल्यातली एक चौकट उचलून उजेडात धरा. वरच्या कडेला मधाची कमान असते, तिच्याखाली परागाचा रंगीत पट्टा, पिवळा, नारिंगी, कुठे करडा, आणि मधोमध पिल्लं. ती कमान दोन बोटं रुंद असेल तर वरच्या मजल्यातलं थोडं घ्यायला हरकत नाही. बोटभरच असेल तर वरचा मध माश्यांचा, त्याला हात लावायचा नाही. आणि खालच्या मजल्यातला मध कोणत्याही महिन्यात काढायचा नाही. हा नियम मला या पुस्तिकेतला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाकी सगळं विसरलं तरी चालेल.

योगायोग असा, की जागतिक मधमाशी दिन २० मे रोजी येतो. अँटोन यान्शा या स्लोव्हेनियातल्या मधपाळाच्या जन्माशी जोडलेली ही तारीख २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मुक्रर केली. त्यांच्याकडे तेव्हा वसंत भरात असतो. आपल्याकडे त्या दिवशी भाषणं होतात, मधाच्या बाटल्यांचं वाटप होतं. डहाणूत मात्र तोच आठवडा पेटीवर वजन ठेवून, झाकणावर प्लॅस्टिक ताणून, मध काढायचं यंत्र धुऊन माळ्यावर टाकायचा आहे.

मध उरला नसेल तर साखर. पाणी उकळून खाली उतरवायचं, तेवढ्याच वजनाची साखर विरघळवायची, पूर्ण गार झाल्यावर द्यायचं. एका पेटीला आठवड्याला २०० ग्रॅम साखर धरली तर सोळा आठवड्यांना सुमारे सव्वातीन किलो लागते. एवढ्यात एक वसाहत वाचते. गूळ देऊ नये, माश्यांना हगवण लागते. दुसऱ्याच्या पेटीतला किंवा बाजारातला मधही देऊ नये, रोग येतो. आपल्याकडे नारळाची करवंटी सोपी पडते. तीत पाक ओतून वर चार काड्या टाकायच्या म्हणजे माशी बुडत नाही. करवंटी पेटीच्या आत, चौकटींच्या वर ठेवायची, दिवेलागणीला, आणि सगळ्या पेट्यांना एकाच वेळी. दिवसा उघड्यावर पाक सांडला की सशक्त वसाहत दुबळ्या वसाहतीवर तुटून पडते, आणि ती लूट एकदा सुरू झाली की थांबवणं कठीण.

पावसाळ्यात पेटी वारंवार उघडायची नाही. उघडीप मिळाली, ऊन पडलं, माश्या दारातून ये-जा करू लागल्या, की दहा मिनिटांत काम उरकायचं. ऑगस्टमधल्या अशा सकाळी काय दिसायला हवं? आठ चौकटींपैकी माश्या कदाचित पाचच झाकून बसलेल्या असतील. उरलेल्या तीन रिकाम्या चौकटी तिथे ठेवणं म्हणजे मेणकिड्याला जेवायला बोलावणं. त्या काढून घ्यायच्या आणि बंद डब्यात गंधकाची धुरी देऊन ठेवायच्या. पोळ्यावर जाळ्यांचे बारीक बोगदे दिसले तर तो भाग कापून जाळायचा. मग घरांच्या तळाशी अंडी शोधायची. पाठीवर ऊन घेऊन चौकट थोडी तिरपी धरली की तांदळाच्या कणीहून बारीक, उभी पांढरी अंडी दिसतात. अंडी असली तर राणी आहे आणि वसाहतीचा मुक्काम पक्का आहे. अंडी नाहीत, पिल्लं संपत आलीत, पायाला पराग लावून आलेली एकही माशी दारात दिसत नाही, असं असेल तर आजच संध्याकाळी पाक द्यायचा, उद्यावर ढकलायचं नाही. आणि झड थांबतच नसेल, उघडता येत नसेल, तर पेटीच्या बाजूवर बोटाच्या पेराने एक टिचकी मारा. सातेरी डिवचली की सगळी मिळून फुसकारते. फुसकार भरदार असली तर आत माणसं पुरेशी आहेत. क्षीण असली तर पुढच्या उघडिपीची वाट पाहा आणि ती मिळताच सगळी कामं टाकून पेटीपाशी जा.

मराठीत मधमाशीचं बरंचसं शास्त्र आलं ते महाबळेश्वरावरून आणि पुण्याहून. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याच्या कामांत मधमाशीपालन होतं. पुढे महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरीच्या पेट्या घरोघर गेल्या. पुण्यात १९६२ मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव ठरलं आणि त्या योजनेच्या पुढच्या यादीत आपलं घोलवडही आलं, तेच घोलवड ज्याच्या चिकूला डहाणूच्या नावासकट २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डहाणूच्या पाड्यांवर शेतकऱ्यांना सातेरी पाळायला शिकवण्याचं काम ‘अंडर द मँगो ट्री’ या संस्थेनेही केलं आहे. शिकायचं म्हटलं तर दार बंद नाही. कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे जाऊन शंका विचारता येतात.

पण महाबळेश्वरचं वेळापत्रकही डोळे मिटून उचलू नये, हे मला आवर्जून सांगायचं आहे. तिथे कारवी आहे, व्हायटी आहे, हिरडा आहे. वरोरला यातलं काही नाही. इथे खाडीकाठची तिवरं आहेत, वाड्यांतले नारळ आहेत, मिरची आहे. नारळाला बारा महिने फूल असतं आणि भर पावसातही त्याचा पराग माशीला मिळू शकतो, म्हणून किनाऱ्यावरची पेटी तलासरीकडच्या उघड्या माळावरच्या पेटीपेक्षा बरी तगते. पूर्वेला, डोंगराच्या बाजूला पावसाळी काकडी-दोडक्याचे मांडव, मका आणि बांधावरचं लाजाळू यांच्यावर माशीची मदार. गावोगाव हे असं बदलतं. तेव्हा आपल्या घरापासून किलोमीटरभरात कोणत्या महिन्यात काय फुलतं याची एक वही ठेवा. ती वही या पुस्तिकेहून उपयोगी ठरेल. वाढवणच्या बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. येत्या वर्षांत या पट्ट्यातली वाडी, खाडी आणि रस्ता यांची मांडणी कशी बदलेल ते पेटीवाल्याला आपल्या वहीतच आधी दिसेल.

पेट्या वाटणाऱ्या योजना पुष्कळ आहेत आणि त्या असाव्यात. मात्र गावात फिरलं की वळचणीला पडलेल्या रिकाम्या पेट्याही दिसतात. एखादीत कोंबडी अंड्यावर बसलेली असते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘पावसात गेल्या माश्या.’ मध कसा काढायचा याचं शिक्षण मिळालं, कधी काढायचा नाही याचं मिळालं नाही, असा माझा निष्कर्ष आहे. शिकाऊ माणसाला पहिल्या वर्षी मधाचं उद्दिष्टच देऊ नये. दसऱ्याला जेवढ्या पेट्या भरलेल्या, तेवढं त्याचं उत्पन्न धरावं. नोव्हेंबरपासून तीच वसाहत वाढते, तिचे दोन भाग करता येतात, आणि मध त्यानंतर आपोआप येतो.

पुढच्या पानांत पेटीची मापं, मुंग्यांसाठी स्टँडच्या पायाखाली ठेवायच्या पाण्याच्या वाट्या, पावसानंतर येणाऱ्या गांधीलमाश्या, तारेवर बसून माश्या टिपणारा वेडा राघू, वाडीतली फवारणी संध्याकाळी करायची ती का, हे सगळं सविस्तर आहे. क्रम वैशाखापासून आश्विनापर्यंत ठेवला आहे, कारण वाचणाऱ्याच्या हाती त्या त्या महिन्यात ते ते पान यावं. थंडीवर मोजून एक पान आहे.

पेटी घ्यायची असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्या, म्हणजे पावसाळ्याआधी माशी आणि तुम्ही दोघांना एकमेकांची सवय व्हायला सात महिने मिळतील. मे महिन्यात कोणी भरलेली पेटी अर्ध्या किमतीत देऊ लागला, तर ती घेऊ नका. पैसे दसऱ्यापर्यंत राखून ठेवा.